चौदा दिवसांच्या गोळ्यांचे चार वाटे

मला एका जागी बसून लिहायची सवय नाही. माझं बसणं म्हणजे शिलाई मशीनवर बसणं, आणि तिथंही जो पाय मोकळा असेल तो हलत राहतो. हे सगळं मी शहागंजातल्या माझ्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, ब्लाउजच्या मापांच्या वहीत मागच्या बाजूनं लिहिलंय. कुठं धागा सुटलेला दिसला तर सांभाळून घ्या.

लिहायचं कारण असं, की माझ्या पोटात एक जंतू निघाला, लिव्हरवर चरबी निघाली, आणि दोन्हींच्या मधे मी असा काही शहाणपणा केला की डॉक्टरीणबाई चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिल्या. तेवढा शहाणपणा तुम्ही करू नका. बाकी तुमचं तुम्ही बघालच.

ढेकर

दोन वर्षं मला ढेकर येत होते. छातीखाली जळायचं, दोन घास खाल्ले की पोट टम्म. मी त्याला आजार म्हणत नव्हते. सकाळी सातला भाकरी-भाजी करून, नवऱ्याचा डबा भरून, पल्लवीला कॉलेजला धाडून मी दुकान उघडायची, आणि माझा डबा दुपारी तीन-साडेतीनला उघडायचा. मधल्या वेळात चहा, खारी, पुन्हा चहा. लग्नसराईत तर डबा तसाच घरी परत जायचा.

माझे यजमान भास्कर वाळूजच्या एका कंपनीत आहेत. त्यांना माझ्या पोटाची गंमत वाटायची. "आज काय म्हणतंय तुझं बँडपथक?" असं विचारायचे. माझे वडील, म्हणजे आबा, पाचोडजवळ आमच्या गावी असतात. त्यांचा इलाज एकच, चिमूटभर खायचा सोडा पाण्यातून. ते स्वतः रोज घेतात, मीही घ्यायला लागले.

एका दुपारी एका बाईचं माप घेता घेता अशी कळ आली की टेप गळ्यात तसाच ठेवून मी खाली फरशीवर बसले. शेजारी शमीम आपांचं लेस आणि बांगड्यांचं दुकान आहे. त्या धावत आल्या.

"कायकू नीचे बैठी गे? मुँह देख कैसा हुआ तेरा. चल उठ, दवाखाने जा."

"आपा, सहा ब्लाउज द्यायचेत उद्या."

"ब्लाउज कू आग लगा. दुकान मैं देखतूं."

दुकान त्यांच्यावर टाकून मी गेले. गेले नसते तर आज हे लिहिलं नसतं, असं काही मी म्हणणार नाही. पण उशीर नक्की झाला असता.

राणी कलर

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी पोटावर ते गार मलम लावलं आणि स्क्रीनकडं बघत म्हणाले, "फॅटी लिव्हर आहे." मला हसू आलं. माझे दंड काडीसारखे. मी म्हणाले, "साहेब, मी कुठं जाड आहे?" ते म्हणाले, "पोट बघा." मी आख्ख्या मोहल्ल्याची मापं घेते, पण चार-पाच वर्षांत स्वतःच्या कंबरेला टेप लावला नव्हता. घरी येऊन लावला. आकडा सांगत नाही.

मग पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी दोन तपासण्या सांगितल्या. एक, लिव्हर किती ताठ झालंय ते मोजायची. ती काही दुखत नाही, बरगडीवर टिचक्या मारल्यासारखं होतं. दुसरी, तोंडातून नळी घालून आतून पोट बघायची. घशात कडू फवारा मारतात, दातांत एक कडं देतात, कुशीवर झोपवतात. मला पाच मिनिटं निजून राहायचीच शिक्षा जास्त. पाय हलायला लागला तर नर्सनं तो हातानं दाबून धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तिचं नाव मला माहीत नाही, पण तिचा हात आठवतो.

पोटातला बारीकसा तुकडा काढून त्यांनी एका पिवळ्या टिकलीवर ठेवला. बाई म्हणाल्या, "रंग बदलला तर जंतू आहे." मी टक लावून बघत होते. थोड्या वेळात टिकली गुलाबी झाली आणि मग चांगली गडद. आमच्या शिवणकामात त्याला राणी कलर म्हणतात, पैठणीवर सर्रास मागतात.

बाईंनी भास्करांना आत बोलावलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "पोटात जंतू आहे, त्यामुळे सूज आहे आणि जखम व्हायच्या बेतात आहे. आणि लिव्हरवर नुसती चरबी नाही, लिव्हर ताठ व्हायला सुरुवात झालीय. अजून परत फिरता येईल अशा जागी आहात. पण फिरायला हवं."

मी विचारलं, "एकामुळं दुसरं झालं का?"

त्या थांबल्या. मला त्यांचं हेच आवडतं, की त्या थांबतात. म्हणाल्या, "हा जंतू असणाऱ्यांत फॅटी लिव्हर जास्त दिसतं असं काही अभ्यासांत आढळलंय. सतत सूज राहिली की शरीर साखर आणि चरबी नीट वापरत नाही, असा एक अंदाज आहे. पण खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. जंतू तर मारायचाच. लिव्हरसाठी मात्र वजन, चालणं आणि वेळेवर जेवण. त्याला गोळी नाही."

ह्यातलं मी अर्धंच ऐकलं. जंतू मेला की लिव्हर सुटलं, असं मी डोक्यात शिवून टाकलं. वेळेवर जेवण आणि चालणं हे दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असावं, अशा तऱ्हेनं मी बाहेर आले.

आई

आता भीतीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझी आई गेली तेव्हा मी नववीत होते. आमचं घराणं मेंढरं राखणारं. आई मेंढरांमागं दिवसभर चालायची, भाकरी खायची, कधी अंथरुणाला खिळलेली मी बघितली नव्हती. एका वर्षात तिचे पाय सुजले, डोळे पिवळे झाले आणि पोटात पाणी भरलं. शेवटी तिला लुगडं नेसता येत नव्हतं, नुसतं गुंडाळायची. शहरात एकदा दाखवून आणलं, आणि आठ-दहा दिवसांत ती गेली. लिव्हर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, तोही कुणाच्या तरी तोंडून ओझरता.

त्यामुळं डॉक्टरीणबाई "ताठ" म्हणाल्या तेव्हा मला दुसरं काही सुचेना. मी आरशात डोळे ओढून बघायला लागले. गिऱ्हाईक बोलत असलं तरी माझं लक्ष पायांवर, सूज आली का. घोट्याला बोट दाबायचं, खड्डा पडतो का बघायचं. दिवसातून वीसदा. शमीम आपा म्हणायच्या, "दुकान पे आती तो है, बैठती किधर है?" खरं होतं. मी उभ्यानं काज करत होते.

मला मरायची भीती वाटत होती, असं सरळच लिहिते. पल्लवी बारावीत आहे. मी आईविना शिकले, म्हणजे शिकलेच नाही, दहावीनंतर मशीनवर बसले. तिचं तसं होऊ नये, एवढंच डोक्यात फिरत होतं.

वाटे

गोळ्या मिळाल्या त्या एका डब्यात. आत चौदा छोटी पाकिटं, एका दिवसाचं एक. सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या, सगळं छापलेलं. बाई म्हणाल्या होत्या, "एकही दिवस चुकवायचा नाही." आणि असंही म्हणाल्या होत्या, की हा जंतू बहुतेक लहानपणीच घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडं जातो, कुणाला त्रास असेल तर त्याला तपासायला घेऊन या.

त्याच संध्याकाळी आबा आले होते, मला बघायला. सोबत आमच्या गावच्या शेंगा. मी त्यांना जंतूचं सांगितलं, घरातून घरात जातो हेही सांगितलं. आबा डबा हातात घेऊन उलटापालटा करत होते.

"मंग तू एकटीच कामून खायलीस ह्या?"

"आजारी मीच आहे ना, आबा."

"असं कुठं असतंय का? कळपात एक मेंढरू खोकायला लागलं तर आपण त्या एकट्यालाच पाजतोत का? सगळ्या कळपाला पाजावं लागतंय. नायतर ते बरं व्हतंय अन् मागचं त्याला परत देतंय."

मला हे पटलं. नुसतं पटलं नाही, एकदम हायसं वाटलं. लहानपणी मी स्वतः हे केलंय. एका बाटलीत औषध कालवायचं, आबा मेंढराचं तोंड धरायचे, आई ओतायची, मी पाजलेल्या मेंढरावर गेरूची खूण करायची. आखाडातलं काम, सगळ्यांना एका दिवसात. आमच्या बारा पिढ्या ह्याच रीतीनं जगल्या आणि मेंढरंही जगली. मी बरी होईन आणि भास्करांच्या ताटातून, पल्लवीच्या पेल्यातून ते मला परत लागेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि परत लागलं की लिव्हर, आणि लिव्हर म्हणजे आई.

चौदा पाकिटांचे वाटे घातले. मला पाच, कारण मी आजारी. भास्करांना तीन, पल्लवीला तीन, आबांना तीन.

पल्लवी म्हणाली, "मम्मी, असं नसतं. कोर्स पूर्ण करायचा असतो, आम्हाला बायोलॉजीत आहे."

"तू डॉक्टर झालीस का?"

"नाही."

"मग घे मुकाट्यानं."

भास्करांनी मान डोलावली. कंपनीत सगळ्यांना मिळून लस टोचली होती, तसंच हे, म्हणाले. घरात एकटी पोरगी शहाणी होती आणि तिचं कुणी ऐकलं नाही.

पाच दिवस मी गोळ्या खाल्ल्या. जळजळ थांबली. मी खूश. आबांनाही बरं वाटलं, त्यांचा सोडा आठ दिवस बंद होता. कळप साफ झाला, असं आम्ही समजलो.

फुंकर

महिना-दीड महिन्यानं तपासणीला बोलावलं होतं. ह्या वेळी नळी नाही, एक औषध प्यायचं आणि पिशवीत फुंकर मारायची. मी जोरात फुंकले. वाढदिवसाच्या फुग्यासारखी पिशवी फुगली आणि मला उगाच चांगलं वाटलं.

रिपोर्ट आला, जंतू तिथंच.

"गोळ्या सगळ्या घेतल्या ना?" बाईंनी विचारलं.

"घेतल्या," मी म्हणाले. "सगळ्यांनी घेतल्या."

"सगळ्यांनी म्हणजे?"

मग मी वाट्यांचं सांगितलं. अभिमानानं नाही, पण लाजत पण नाही. सांगता सांगता त्यांचा चेहरा बघून माझा आवाज बारीक होत गेला. त्यांनी चष्मा काढला. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"सुरेखाताई, अर्ध्या गोळ्यांनी जंतू मरत नाही. जे वाचतात त्यांना त्या औषधाची ओळख होते. पुढच्या वेळी तेच औषध त्यांना लागू होईलच असं नाही. आता दुसरी औषधं द्यावी लागतील, जास्त आणि त्रासाची. आणि घरच्यांना तर तपासणीशिवायच दिल्यात."

पल्लवी माझ्याबरोबर होती. ती खाली बघत म्हणाली, "मी नाही घेतल्या. माझी तीन पाकिटं बॅगेतच आहेत."

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. बाहेर आले आणि पार्किंगमधे इकडून तिकडं फेऱ्या मारत राहिले. लिव्हरचा निकाल ज्या एका गोष्टीवर मी टांगला होता, तीच मी माझ्या हातानं बिघडवली होती. रडायला आलं, पण रडायला एका जागी उभं राहावं लागतं.

फोन

घरी त्या दिवशी भांडण झालं. भास्करांनी आबांना फोन लावला. मी नको म्हणत होते.

"आबा, माणसं म्हंजी मेंढरं नव्हं. तुमच्यामुळं हिचा आजार वाढलाय."

पलीकडून आबा काय बोलले मला कळलं नाही. भास्करांनी फोन ठेवला. त्यानंतर आबांचा फोन लागेना. दोन दिवस, तीन दिवस. मी भास्करांना म्हणाले, "तीन पाकिटं तुम्ही पण गिळलीत. तेव्हा मेंढरू कोण होतं?" मग आम्ही आठ दिवस फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोललो.

आबांचा मला राग नव्हता. त्यांनी मला तेच सांगितलं जे त्यांना आयुष्यभर खरं ठरताना दिसलं. राग माझा मलाच होता, कारण शहरात वीस वर्षं काढून, रोज औषधांच्या दुकानासमोरून जाऊनसुद्धा मला त्यात काही खटकलं नव्हतं.

काळी जीभ

दुसरा कोर्स पुन्हा चौदा दिवसांचा, पण चार प्रकारची औषधं, दिवसातून कितीतरी वेळा. तोंडाला सतत लोखंड चाटल्यासारखी चव. जीभ काळी पडली. पहिल्या दिवशी आरशात बघून मी किंचाळलेच असते, बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. मळमळायचं, डोकं गरगरायचं, माझं शिवण दोनदा उसवावं लागलं. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

कापायच्या टेबलाच्या कडेला मी खडूनं रेघा मारत होते, प्रत्येक गोळीला एक. शमीम आपा बरोबर वेळेला भिंतीपलीकडून हाक मारायच्या, "खाई क्या?" मी "खाई" म्हणेपर्यंत थांबायच्या. दुपारी एक वाजला की स्वतः येऊन माझा डबा उघडून समोर ठेवायच्या आणि शटर अर्धं खाली ओढायच्या. "गिऱ्हाईक मरता नहीं आधे घंटे में." त्या अर्ध्या तासात मला वेळेवर जेवणं म्हणजे काय ते समजलं.

आठव्या दिवशी सकाळी भास्कर बूट घालून दारात उभे. "चल." आम्ही बागेपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. ते पुढं, मी मागं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या-पाचव्या दिवशी ते मागं वळून म्हणाले, "मी जरा जास्तच बोललो आबांना." मी म्हणाले, "हो." एवढ्यावर भांडण मिटलं. चालणं मात्र अजून सुरू आहे. माझ्यासारख्या बाईला बसून राहा सांगितलं असतं तर जमलं नसतं, चाला सांगितलंय ते बरंय.

अर्धा निकाल

पुन्हा पिशवी, पुन्हा फुंकर. ह्या वेळी जंतू गेला.

लिव्हरचा आकडा मात्र थोडासाच उतरला होता. मी बाईंवर जवळजवळ चिडलेच. "जंतू मेला ना? मग हे का नाही गेलं?"

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "जो उतरलाय तो बहुतेक तुमच्या चालण्यानं. सहा महिन्यांनी परत मोजू."

म्हणजे गुन्हेगार सापडला, पकडला, मारला, आणि तरी केस उघडीच. मला हे अजून पचत नाही. मला एका गोष्टीवर बोट ठेवायचं होतं. तुमचंही असंच होत असेल तर एवढंच सांगते, की मी अजून घोट्याला बोट दाबते, पण आता दिवसातून एकदाच. बाकी वेळ चालते, वेळेवर खाते, आणि सहा महिने संपायची वाट बघते. भीती गेलेली नाही, पण तिला आता कामं लावून दिलीत.

आबा

मागच्या आठवड्यात सकाळी दुकान उघडायला गेले तर पायरीवर आबा. धुतलेलं धोतर, नवा रुमाल. पहाटेची पहिली गाडी धरून आले होते.

"जळजळ जाईना झालीय," म्हणाले. "तुझी ती बाई बघंल का मला?"

आबा स्वतःसाठी दवाखान्याच्या दारात कधी गेलेले मला आठवत नाहीत. हात मोडला तेव्हासुद्धा गावातल्या हाडवैद्याकडूनच बांधून घेतला होता. मी दुकान आपांवर टाकलं आणि रिक्षा केली.

दवाखान्यात आत सोडण्याआधी एक तरुण डॉक्टर मुलगी कागद घेऊन बाकावर शेजारी येऊन बसली. नाव, वय, काय त्रास, किती दिवस. आबा मोजून उत्तरं देत होते.

"आजोबा, दारू घेता?"

"नाय."

"तंबाखू?"

"कवाकवा."

तिनं लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाकडं गेली. त्यालाही तेच विचारलं. मग त्याच्या पलीकडं एक बाई होत्या, डोक्यावर पदर, त्यांनाही. आबा तिकडंच बघत होते. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आईला शहरात आणलं व्हतं ना."

"हो."

"तितल्या डॉक्टरनं मला इचारलं, बाई पिती का म्हणून. चार माणसांत. मला लई राग आला. म्हणलं, माझ्या बायकूला पिणारी म्हणतोस? तसंच तिला उचललं अन् गाडीत घातलं. तो मागनं पळत आला व्हता, थांबा म्हणत. मी थांबलो नाय."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांत एकदाही नाही.

आबा अजून त्या पदरवाल्या बाईंकडंच बघत होते. "हे सगळ्यांनाच इचारतेत व्हय गं?"

"व्हय, आबा," मी म्हणाले. "सगळ्यांनाच विचारतात."

बोलून गेल्यावर कळलं मी त्यांना काय सांगितलं ते. त्यांनी मान हलवली, डोक्याचा रुमाल काढून मांडीवर घेतला आणि नंबर पुकारेपर्यंत त्याची घडी घालत बसले.